गाभारा पाडण्याचा निर्णय: पालेर्मोच्या मार्तोराना चर्चचं एक प्रकरण

१६८३ साली सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात नन्सच्या एका मठानं स्वतःच्याच चर्चचा मुख्य गाभारा पाडायला घेतला. चर्च तेव्हा जवळजवळ साडेपाचशे वर्षांचं होतं आणि त्याच्या भिंती बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या ग्रीक परंपरेतल्या) कारागिरांनी सोनेरी मोझेकनं, काचेचे बारीक तुकडे जोडून केलेल्या चित्रांनी, मढवलेल्या होत्या. चार वर्षांत त्या जागी रंगीत संगमरवराचा नवा, ऐसपैस, चौकोनी गाभारा उभा राहिला. पुढे १८७०च्या दशकात सरकारी वास्तुतज्ज्ञांनी याच चर्चला पुन्हा त्याचं मध्ययुगीन रूप द्यायचा प्रयत्न केला. हे निर्णय कसे झाले, कोणते पर्याय हाताशी होते आणि त्यातून काय उरलं, याची ही मांडणी. मठातल्या कुणाचंही नाव इथे घेतलेलं नाही. निर्णय एका बाईचा नव्हता, संस्थेचा होता आणि त्याकडे तसंच पाहायला हवं.

पार्श्वभूमी

पालेर्मो ८३१ साली अरबांनी जिंकलं आणि १०७२ साली नॉर्मनांनी. नॉर्मन राज्यकर्ते उत्तर फ्रान्समधून आलेले, लॅटिन पंथाचे, म्हणजे रोमच्या पोपला मानणारे. त्यांची प्रजा अरबी आणि ग्रीक बोलणारी. ११३०च्या नाताळात दुसऱ्या रॉजरचा राज्याभिषेक झाला आणि त्याच्या दरबारात ग्रीक, अरबी आणि लॅटिन या तिन्ही भाषांतून कारभार चालू लागला. या दरबारातला सर्वांत बलाढ्य मंत्री होता जॉर्ज. मूळचा सिरिया भागातल्या अँटिऑकचा, ग्रीक पंथाचा, म्हणजे पूर्वेकडच्या बायझंटाइन परंपरेतला ख्रिस्ती. अरबी त्याला उत्तम येत असे. आधी त्यानं उत्तर आफ्रिकेत महदियाच्या झिरी घराण्याच्या राज्यकर्त्यांकडे नोकरी केली, मग तिथून निसटून तो रॉजरकडे आला. त्याची पदवी होती ‘अमीरांचा अमीर’. नौदल त्याच्या हाती, राज्याचा कारभारही त्याच्याच हाती. पालेर्मोच्या वेशीजवळ ओरेतो नदीवर त्यानं बांधलेला दगडी पूल आजही उभा आहे. नदीचा प्रवाह मात्र तिथून हलला आहे.

या जॉर्जनं मेरीला वाहिलेलं चर्च बांधलं. त्याच्या दानपत्रावर ११४३ हे साल आहे आणि ते पत्र ग्रीक व अरबी अशा दोन्ही भाषांत आहे. चर्चचं नाव ‘सांता मारिया देल्लाम्मिराल्यो’, म्हणजे अमीराची मेरी.

इमारत लहान होती, पण फार विचारपूर्वक रचलेली. चौरसात क्रूस बसवावा असा नकाशा, मध्ये चार खांब, त्यांवर घुमट, पूर्वेला तीन अर्धगोल गाभारे. नकाशा बायझंटाइन. घुमट मात्र ज्या कोपऱ्यातल्या कमानींवर टेकवलाय, त्यांची घडण आणि टोकदार कमानी सिसिलीतल्या अरबी परंपरेशी नातं सांगतात. पश्चिमेला ओसरी, ओसरीपुढे चौक, आणि चौकाच्या टोकाला घंटेचा मनोरा. खालून उघडा, वर कोपऱ्याकोपऱ्यात खांब आणि रंगीत दगडांचं जडावकाम असलेला.

आत काय होतं याचा एक साक्षीदार आहे. स्पेनमधला मुसलमान प्रवासी इब्न जुबैर ११८४च्या नाताळात पालेर्मोत होता आणि त्यानं हे चर्च पाहिलं. सोन्यानं मढलेल्या भिंती, रंगीत संगमरवराच्या फळ्या, वरच्या अंगाला सोनेरी काचेच्या खिडक्या आणि खांबांवर तोललेला तो मनोरा यांचं त्यानं तोंडभरून वर्णन केलं. इतकं सुंदर की तिथून लवकरच अजान ऐकू येवो, अशी प्रार्थनाही त्यानं लिहून ठेवली. परधर्मीयानं दिलेली यापेक्षा मोठी दाद मला तरी माहीत नाही.

११९४ साली मार्तोराना घराण्यातल्या एका दांपत्यानं चर्चच्या शेजारीच बेनेडिक्टाइन नन्सचा मठ स्थापन केला. चर्च आणि मठ अडीचशे वर्षं वेगवेगळे होते. १४३३-३४च्या सुमारास, आरागॉनच्या अल्फोन्सो राजाच्या कारकिर्दीत, चर्च मठाच्या ताब्यात आलं आणि लोक त्यालाही मार्तोराना म्हणू लागले. बदामाच्या लगद्याची ती हुबेहूब फळं पालेर्मोच्या मिठाईवाल्यांकडे दिसतात ना, त्यांचं नावही याच मठावरून पडलं.

अडचण

चर्च एका मंत्र्यानं स्वतःसाठी, घरच्यांसाठी आणि ग्रीक विधींसाठी बांधलं होतं. आता ते बेनेडिक्टाइन नन्सच्या हाती आलं. विधी लॅटिन. बायकांची संख्या मोठी. दिवसातून अनेकदा एकत्र बसून स्तोत्रगायन करायचा नेम.

त्यात १५६३ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं नन्सचा एकांतवास कडक केला. बाहेरच्या माणसाची नजर त्यांच्यावर पडता कामा नये, पण पूजा त्यांना दिसली पाहिजे. एवढ्याशा चौरस चर्चमध्ये हे कसं जमवायचं? नन्ससाठी वेगळा, जाळीआडचा, उंचावरचा सज्जा हवा. वेदीपुढे पाद्र्यांना वावरायला जागा हवी. बायझंटाइन गाभारा मुळातच लहान आणि पडद्याआडचा. लॅटिन पूजेत वेदी सर्वांना लांबून दिसावी लागते.

आणखी एक गोष्ट होती, ती कागदोपत्री अडचण म्हणून कुणी नोंदवत नाही. मठातल्या बहुतेक मुली सरदार घराण्यांतल्या. समोरच्याच चौकात डोमिनिकन नन्सचं सांता कातेरीना चर्च उभं होतं आणि १७व्या-१८व्या शतकांत त्याचा आतला प्रत्येक कोपरा रंगीत संगमरवराच्या जडावानं भरला. शहरातले श्रीमंत मठ एकमेकांकडे बघून बांधत होते. अशा वेळी बाराव्या शतकातला काळवंडलेला, अंधारा गाभारा मठाला मिरवण्यासारखा वाटला नसेल, असं मला वाटतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय: चर्च जसंच्या तसं ठेवायचं आणि मठाच्या आवारात नवं, मोठं चर्च बांधायचं. जुनं चर्च खास सणांपुरतं. जमीन आणि पैसा दोन्ही लागला असता. शिवाय शहराच्या ऐन मध्यावर, राजघराण्याशी नातं सांगणारं चर्च बाजूला टाकणं मठाच्या प्रतिष्ठेला परवडणारं नव्हतं. १२८२ साली फ्रेंच सत्तेविरुद्ध उठाव झाल्यावर सिसिलीच्या सरदारांची सभा इथेच भरली होती.

दुसरा: फक्त पश्चिमेकडे वाढायचं. मोझेक असलेला गाभ्याचा चौरस शाबूत ठेवायचा, ओसरी आणि चौक आत घ्यायचा, वर नन्सचा सज्जा काढायचा.

तिसरा: दोन्ही बाजूंनी वाढायचं. म्हणजे पूर्वेचा मुख्य गाभाराही जाणार.

सोळाव्या शतकात मठानं दुसरा पर्याय घेतला. शंभरएक वर्षांनी तो तिसऱ्यावर आला. माझ्या मते सगळं प्रकरण या दोन पायऱ्यांमधल्या अंतरात आहे.

पहिली पायरी: पश्चिम

१५८८च्या सुमारास पश्चिमेची भिंत काढली गेली. ओसरी मोडली, चौक छपराखाली आला आणि चर्च थेट घंटेच्या मनोऱ्याला जाऊन भिडलं.

ओसरीत जॉर्ज आणि त्याची बायको आयरीन यांना पुरलं होतं. तिथेच दोन मोझेक होती. एकात ख्रिस्त स्वतःच्या हातानं रॉजरच्या डोक्यावर मुकुट ठेवतो आहे. राजाचा पोशाख बायझंटाइन सम्राटाचा, मान किंचित झुकलेली, चेहऱ्याची ठेवण जवळजवळ ख्रिस्तासारखीच. वर ग्रीक अक्षरांत नाव आणि ‘रेक्स’ हा लॅटिन शब्द. राज्य पोपनं दिलेलं नाही, थेट देवानं दिलंय, हे या चित्राचं राजकारण. दुसऱ्यात जॉर्ज मेरीच्या पायाशी लोटांगण घालून पडला आहे आणि मेरी हातातल्या पत्रातून मुलाकडे त्याच्यासाठी रदबदली करते आहे.

ओसरी मोडताना ही दोन्ही चित्रं नन्सनी फेकली नाहीत. ती आत आणून बाजूच्या भिंतींवर बसवली. चित्र हलवताना आणि डागडुजीत जॉर्जच्या शरीराचा बराच भाग गेला. नंतर कुणीतरी तो भरून काढला आणि आज त्याचं डोकं आणि हात कासवाच्या पाठीखालून बाहेर आल्यासारखे दिसतात. पाहणारे हसतात. पण मला हे चित्र मठाच्या बाजूनं दिलेली मोठी साक्ष वाटतं. चारशे वर्षांपूर्वीचा एक परक्या पंथाचा माणूस, त्याची भाषा मठात कुणाला येत नसणार, तरी हा आपला दाता आहे एवढं त्यांनी ओळखलं आणि जमेल तसं जपलं. म्हणजे जुन्याची किंमत त्यांना कळत नव्हती हा आरोप टिकत नाही.

दुसरी पायरी: पूर्व

१६८३ ते १६८७ या काळात मुख्य गाभारा पाडून नवा बांधला गेला. आराखडा पाओलो आमातो या पालेर्मोच्या नावाजलेल्या बरोक (म्हणजे त्या काळच्या भपकेबाज, नक्षीदार शैलीच्या) वास्तुकाराचा. नव्या गाभाऱ्यात रंगीत संगमरवराचं जडावकाम आलं. आज वेदीवर विन्चेन्झो दा पाविया या चित्रकारानं १५३३ साली रंगवलेलं ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचं चित्र आहे.

बाजूचे दोन छोटे गाभारे वाचले. त्यांत मेरीचे आईवडील, ॲना आणि योआकिम, अजून आहेत. मुख्य गाभाऱ्यापुढच्या छतावर मायकल आणि गॅब्रिएल हे दोन देवदूतही उरले. आईवडील दोन बाजूंना आणि मध्ये जिच्यासाठी चर्च बांधलं त्या मेरीची जागा, अशी मांडणी असणार असा तर्क अभ्यासक करतात. तर्कच करावा लागतो, कारण मधला भाग गेला.

घुमटाला मात्र हात लागला नाही. मध्ये सिंहासनावर पूर्णाकृती ख्रिस्त, त्याच्याभोवती चार देवदूत इतके वाकलेले की त्यांची अंगं घुमटाच्या गोलाईत मुडपून बसवल्यासारखी वाटतात. खाली आठ संदेष्टे, कोपऱ्यांत ख्रिस्तचरित्र लिहिणारे चार शुभवर्तमानकार. पश्चिमेच्या कमानीत समोरासमोर दोन प्रसंग आहेत. एकात मेरीच्या शेजारी गव्हाणीत कपड्यात गुंडाळलेलं बाळ. दुसऱ्यात मेरी मृत्युशय्येवर आणि ख्रिस्ताच्या हातात तिचा आत्मा, तोही कपड्यात गुंडाळलेल्या बाळाच्या रूपात. आई आणि मुलाच्या जागा बदलल्या आहेत. दोन्ही चित्रं एका नजरेत येतील अशीच बसवली आहेत. ज्यानं हे योजलं त्याला इमारतीतली प्रत्येक जागा अर्थासाठी हवी होती. म्हणूनच गाभारा जाणं म्हणजे एक चित्र कमी होणं नव्हतं. वाक्याचं क्रियापदच काढून टाकल्यासारखं झालं.

पुढची भर भराभर पडत गेली. १७१७ साली पश्चिमेच्या वाढीव भागात फ्लेमिश चित्रकार बोरेमान्स आणि इतरांनी भित्तिचित्रं रंगवली. १७२६च्या भूकंपात मनोऱ्याचा घुमट कोसळला. अठराव्या शतकाच्या मध्यावर चौकाच्या बाजूला बरोक दर्शनी भिंत आली.

तिसरा निर्णय: सरकारचा

१८६० साली सिसिली नव्या इटलीत सामील झाली आणि १८६६च्या कायद्यानं मठांची मालमत्ता सरकारजमा झाली. आता इमारतीचा मालक बदलला आणि प्रश्नही बदलला. नन्सना जागा कशी पुरेल हा प्रश्न संपला. नव्या राष्ट्राला आपलं मध्ययुगीन वैभव कसं दाखवता येईल हा सुरू झाला.

१८७०-७३ दरम्यान जुझेप्पे पात्रिकोलो या वास्तुतज्ज्ञानं इथलं काम केलं. त्याची दिशा स्पष्ट होती: नंतरची भर काढायची, नॉर्मन रूप मोकळं करायचं. त्या काळी युरोपभर हाच विचार जोरात होता. या कामात एक अनमोल गोष्ट उजेडात आली. घुमटाच्या पायथ्याशी लाकडी पट्टी आहे आणि तिच्यावर अरबी अक्षरं रंगवलेली आहेत. मजकूर कुराणातला नाही. ग्रीक पूजेतली स्तोत्रं अरबीत उतरवून लिहिली आहेत. ग्रीक पंथाचा, अरबीत वाढलेला जॉर्ज देवाशी कोणत्या भाषेत बोलत होता याचं उत्तर त्या लाकडावर आहे.

पण मुख्य गाभाऱ्याचं काय करायचं? आमातोचा गाभारा पाडला असता तर त्या जागी ठेवायला मूळ काहीच नव्हतं. अंदाजानं नवा बायझंटाइन गाभारा बांधावा लागला असता. बरोक गाभारा राहिला, भित्तिचित्रं राहिली, दर्शनी भिंत राहिली. आज आत गेलं की आधी अठराव्या शतकाचे रंग लागतात, मग बाराव्या शतकाचं सोनं आणि शेवटी सतराव्या शतकाचा संगमरवर.

हाच वास्तुतज्ज्ञ शेजारच्या सान काताल्दो चर्चमध्ये १८८०च्या दशकात किती पुढे गेला ते पाहण्यासारखं आहे. ते चर्चही नॉर्मन काळातलं, माइओ दा बारी या मंत्र्याचं. मधल्या काळात तिथे टपाल कचेरीसुद्धा होती. पात्रिकोलोनं भोवतालची सगळी बांधकामं काढली आणि चर्च सुटं, स्वच्छ, कातीव उभं केलं. वरच्या तीन घुमटांचा तो प्रसिद्ध लाल रंग त्याच कामातून आलेला आहे. आज जगभरचे प्रवासी त्या लाल घुमटांना बाराव्या शतकाची खूण समजून फोटो काढतात. मार्तोराना बांधकामाच्या अडचणींमुळे त्या टोकापर्यंत गेलं नाही, हे मी त्याचं भाग्य समजतो.

निष्पत्ती

१९३७ साली पियाना देल्यी आल्बानेसी इथे बायझंटाइन विधी पाळणाऱ्या अल्बेनियन वंशाच्या कॅथलिकांचा धर्मप्रांत स्थापन झाला आणि त्याच सुमारास मार्तोराना त्यांच्याकडे आलं. पूर्वी तुर्की आक्रमणामुळे अल्बेनियातून सिसिलीत आलेल्या लोकांचे हे वंशज. पाच शतकांच्या लॅटिन पूजेनंतर जॉर्जच्या चर्चमध्ये पुन्हा ग्रीक परंपरेची पूजा सुरू झाली. २०१५ साली युनेस्कोनं पालेर्मो, चेफालू आणि मोनरेआले इथल्या अरब-नॉर्मन वास्तू जागतिक वारशात घेतल्या. त्या नऊ वास्तूंत मार्तोराना आहे, सान काताल्दो आहे आणि जॉर्जचा पूलही आहे.

इथे एक तुलना करावीशी वाटते. सिसिलीच्याच पूर्व किनाऱ्याजवळ, आग्रोच्या खोऱ्यात संत पीटर आणि पॉलचा ग्रीक मठ आहे. १११७ साली रॉजरनं गेरासिमोस नावाच्या साधूला त्यासाठी दानपत्र दिलं. दारावरच्या ग्रीक लेखानुसार ११७२ साली जेरार्द नावाच्या फ्रँक कारागिरानं त्याचं काम नव्यानं केलं. लाल विटा, काळा लाव्हा आणि पिवळसर दगड यांच्या पट्ट्यांची ती भिंत, वर किल्ल्यासारखे कंगोरे, दोन घुमट. साधू १७९४ साली मेसिनाला निघून गेले. त्या चर्चचं रूप आज जवळजवळ बाराव्या शतकातलंच आहे. पण ते टिकलं कारण तिथे कुणाला जागा कमी पडली नाही. वापरात राहिलेल्या इमारतीला हा न्याय लावून मार्तोरानाच्या नन्सना दोषी ठरवणं मला पटत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

१५८८ची पायरी मला आजही बरोबर वाटते. गरज खरी होती, पश्चिमेचा भाग त्या मानानं कमी मोलाचा होता, आणि दात्यांची चित्रं वाचवली गेली. नुकसान झालं ते चित्र हलवण्याच्या तंत्रात.

१६८३ची पायरी चुकली आणि ती टाळता येण्यासारखी होती. नन्सचा सज्जा आधीच मिळाला होता. म्हणजे गाभारा पाडण्यामागे निकड कमी आणि भव्यतेची ओढ जास्त होती. पैसा होता, उत्तम वास्तुकार होता. नवी वेदी घुमटाखाली पुढे आणून जुना गाभारा तिच्या मागे ठेवता आला असता. निदान गाभाऱ्यातलं मोझेक आधीच्या दोन चित्रांप्रमाणे काढून भिंतीवर बसवता आलं असतं. ही पद्धत मठाला ठाऊक होती, याच चर्चमध्ये वापरून झाली होती. मग शंभर वर्षांत काय बदललं? राजा आणि अमीर यांची चित्रं मठाच्या प्रतिष्ठेच्या कामाची होती. गाभाऱ्यातलं धार्मिक चित्र नव्या चित्रानं बदलता येईल असं वाटलं. मोलाची कसोटीच अशी असेल तर जे सर्वांत जुनं आणि सर्वांत मध्यवर्ती, तेच आधी जातं.

१८७०चा निर्णय थांबला तिथेच थांबायला हवा होता. मात्र काढलेल्या प्रत्येक थराचं मोजमाप आणि रेखाटन आधी व्हायला हवं होतं. मध्ययुगीन रूप मोकळं करण्याच्या उत्साहात मठाची साडेचारशे वर्षं अडगळ ठरली, आणि नन्स कुठे बसत, कुठून बघत, कुठल्या जाळीआडून गात, हे आता तुकड्यातुकड्यांतून जुळवावं लागतं. जुन्या इमारतीचं काम हाती घेणाऱ्यानं पाडण्याआधीचा आठवडा टेप, कागद आणि कॅमेरा घेऊन काढावा. पालेर्मोच्या नन्सकडे कॅमेरा नव्हता. पण आमातोकडे कागद होता.